सार्वजनिक सेवेची वेबसाइट अपंगांना वापरता यावी म्हणून नक्की काय करावं लागतं?

तिरकी रेघ

नमस्कार मंडळी, थोडी मदत हवीये. आमच्या छोट्या टीमकडे एका सार्वजनिक सेवेचं पोर्टल नव्याने बांधायला आलंय, म्हणजे दाखल्याचा अर्ज, कागदपत्रं अपलोड, शुल्क भरणे, अर्ज कुठपर्यंत आला ते बघणे असा सगळा कारभार. कामाच्या कागदात या विषयावर एकच ओळ आहे, 'संकेतस्थळ दिव्यांगांना सुलभ असावे', बास. आमच्या वरिष्ठांचं म्हणणं की वर कोपऱ्यात अक्षर लहान-मोठं करायची बटणं टाका, काळी पार्श्वभूमी करायचं एक बटण टाका, बाजारात एक तयार विजेट मिळतं ते चिकटवा आणि मोकळे व्हा. मला हे पटत नाहीये, पण का पटत नाहीये ते मीटिंगमध्ये सांगायला गेलो की माझ्याकडे मुद्देच नसतात. डब्ल्यूकॅग (वेबसाइट सुलभ करायची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं) वाचायला घेतलं तर ते कायद्याच्या पुस्तकासारखं निघालं. तुमच्यापैकी जे स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरतात किंवा ज्यांनी असं काम केलंय त्यांनी सांगा, सुरुवात कुठून करू? सगळं पहिल्याच फेरीत होणार नाही हेही माहितीये.

खारुताई

मी पूर्ण अंध आहे, कंप्युटरवर एनव्हीडीए आणि फोनवर टॉकबॅक हे स्क्रीन रीडर वापरते, तेव्हा हक्काने लिहिते.

पहिली गोष्ट, ती बटणं माझ्या काहीही कामाची नाहीत. ज्यांना कमी दिसतं त्यांच्याही फारशी नाहीत, कारण त्यांनी आपापल्या ब्राउझरमध्ये झूम आधीच लावून ठेवलेला असतो, तुमच्या साइटवर आल्यावर ते कोपऱ्यातलं बटण शोधत बसत नाहीत. आणि मुळात बटण शोधायलाच दिसावं लागतं ना!

दुसरी गोष्ट, लोक सुरुवात मुखपृष्ठापासून करतात आणि तिथेच दमतात. मुखपृष्ठावर मला काय करायचंय? मला दाखला हवाय. तुम्ही एक अर्ज घ्या, लॉगिनपासून पावती हातात पडेपर्यंतचा पूर्ण रस्ता घ्या, आणि माऊस बाजूला ठेवून नुसत्या कीबोर्डवर तो पार करून बघा. जिथे अडकाल ती तुमची कामाची यादी. माझा अनुभव असा की दहातली नऊ पानं वाचता येतात आणि दहाव्यावर 'सादर करा' हे बटणच नसतं, म्हणजे असतं पण ते चित्र असतं, त्याला नाव नसतं, एनव्हीडीए नुसतं 'ग्राफिक' म्हणून गप्प होतं. मग नऊ पानं सुलभ असून काय उपयोग झाला? शेवटी कुणाला तरी हाक मारून पासवर्ड, जन्मतारीख, उत्पन्न सगळं त्याच्यासमोर उघडं करायचं. अर्ज स्वतः भरण्यात माझा हट्ट नाहीये हो, माझी खासगी माहिती खासगी राहावी एवढंच.

प्रश्नचिन्ह

वाचतोय. चांगला धागा.

मधला बाक

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. असे वापरकर्ते असतात किती? पोर्टलवर येणाऱ्यांत अंध व्यक्ती शंभरात एखादी असेल. तेवढ्यासाठी अख्खं डिझाइन बदलायचं म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही. त्यांच्यासाठी वेगळी साधी साइट केली, नुसता मजकूर असलेली, तर नाही का चालणार? किंवा कार्यालयात एक मदतनीस बसवा.

खारुताई

वेगळी साइट हा प्रयोग जगभर करून झालाय. पहिल्या वर्षी ती छान असते, मग मूळ साइटवर नवा अर्ज येतो, शुल्क बदलतं, आणि 'साध्या' साइटवर जुनंच राहतं. दोन घरं झाडायची म्हटलं की एकात धूळ साचतेच. आणि मदतनीस किती वाजेपर्यंत बसणार? बाकी सगळ्यांना रात्री अकराला घरून अर्ज करता येतो म्हणूनच हे पोर्टल काढलंय ना?

आडवाटेने

@मधला बाक, शंभरात एक हा हिशेबच चुकीचा आहे, कारण तुम्ही फक्त अंध मोजताय. कमी दिसणारे, लाल-हिरवा फरक न कळणारे, ऐकू न येणारे, हात थरथरणारे, एकच हात चालणारे, वाचायला जड जाणारे, लक्ष टिकवायला त्रास होणारे, शिवाय म्हातारपणी या सगळ्यातलं थोडं थोडं वाट्याला आलेले, हे सगळे त्यात येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात १३० कोटी लोकांना लक्षणीय स्वरूपाचं अपंगत्व आहे, म्हणजे साधारण सहात एक. आणि सार्वजनिक सेवेला ग्राहक निवडायची मुभा नसते हे विसरू नका. खरेदीची साइट आवडली नाही तर माणूस दुसरीकडे जाईल, दाखला द्यायला दुसरं कोण बसलंय?

आता कायद्याचं बोलतो, म्हणजे तिरकी रेघ यांना मीटिंगमध्ये उपयोग होईल. आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आहे, त्यात माहिती-तंत्रज्ञान आणि सेवा दोन्ही सुलभ असण्याची जबाबदारी स्पष्ट लिहिलीये. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुलभतेचे नियम नुसत्या शिफारसी असून चालणार नाहीत, किमान बंधनकारक नियम वेगळे काढा. त्यानंतर ३० एप्रिल २०२५ ला डिजिटल केवायसीच्या, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवण्याच्या, प्रकरणात निकाल आला, तो तर थेट आपल्या विषयाचा. कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून 'जिवंत' असल्याचं सिद्ध करा अशी पद्धत होती, अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या बाईंना डोळे मिचकावणंच शक्य नव्हतं, आणि दृष्टिहीन माणसाला चेहरा चौकटीत कसा आणायचा तेच कळत नव्हतं. न्यायालयाने डिजिटल सुविधा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि २० निर्देश दिले. तुमच्या पोर्टलमध्ये सेल्फी घेऊन ओळख पटवायची पायरी असेल तर वरिष्ठांना आधी हे वाचायला द्या.

बाहेरचं जुनं उदाहरण हवं असेल तर २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकचं घ्या. ब्रूस मॅग्वायर नावाच्या अंध गृहस्थांनी तक्रार केली की ऑलिंपिकची साइट वाचता येत नाही, चित्रांना पर्यायी मजकूर (चित्रात काय आहे ते सांगणारे शब्द) नाही, निकालांची पानं उघडत नाहीत. आयोजक म्हणाले फार खर्च येईल, फार वेळ लागेल. तिथल्या मानवाधिकार आयोगाने ते मान्य केलं नाही, साइट सुधारायला सांगितली, पूर्ण सुधारली नाही म्हणून शेवटी २० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई द्यायला लावली. आज 'खूप खर्च येईल' म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद तेव्हापासून एका शब्दानेही बदललेला नाही :)

मधला बाक

ठीक, आकड्याचा मुद्दा मान्य. खर्चाचा मुद्दा अजून तसाच आहे.

कोपरखळी

खर्च शेवटी केला तर येतो. इमारत बांधून झाल्यावर रॅम्प लावायला भिंत फोडावी लागते, नकाशातच असला तर काही वाटत नाही. हे पोर्टल नव्याने बांधतायत ना? मग यापेक्षा स्वस्त वेळ परत येणार नाही.

मी टेस्टिंग करतो, या विषयात बरीच वर्षं आहे, तेव्हा विजेटबद्दल लिहितो कारण ते मला फार चावतं. ही जी तयार विजेटं असतात, ओव्हरले म्हणतात त्यांना, ती साइटच्या वर एक थर टाकतात. खाली बटणाला नाव नसेल तर विजेट ते नाव कुठून आणणार? अंदाज करतं, आणि चुकतं. वर बऱ्याचदा खारुताईंचा एनव्हीडीए आणि विजेटचा स्वतःचा आवाज एकमेकांवर बोलायला लागतात. अमेरिकेत एफटीसी या सरकारी आयोगाने २०२५ मध्ये अशाच एका कंपनीला १० लाख डॉलर भरायला लावले, कारण 'आमचं विजेट लावलं की कोणतीही साइट मार्गदर्शक तत्त्वांत बसते' असा त्यांचा दावा होता आणि तो टिकला नाही. मीटिंगमध्ये हे एवढं सांगा, विजेट बाजूला पडेल.

डब्ल्यूकॅगला घाबरू नका. सध्याची आवृत्ती २.२, ऑक्टोबर २०२३ ची. तीन पातळ्या आहेत, तुम्ही मधली म्हणजे डबल ए धरा, बहुतेक देशांचे नियम तिथेच थांबतात. पाठ करायची गरज नाही. कामात सारखं लागतं ते थोडंच आहे: मजकूर आणि पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट किमान ४.५ : १, मोठ्या अक्षरांना ३ : १ चालतो (डिझाइनरला फिकट राखाडीवर पांढरं फार आवडतं, त्याला इथेच अडवा), पान चारशे टक्के झूम केलं तरी आडवं सरकवावं लागू नये, बोटाने दाबायची जागा किमान २४ बाय २४ पिक्सेल, कीबोर्डने फिरताना आपण कुठे आहोत ते दाखवणारी चौकट दिसली पाहिजे. ही चौकट 'घाण दिसते' म्हणून काढून टाकणारे लोक मी पाहिलेत, त्यांना एक दिवस माऊसशिवाय बसवावं.

मंद्र

मला डोळ्यांचा नाही, हातांचा प्रश्न आहे. फोन बोलून चालवतो, कंप्युटरवर तोंडात काडी धरून एकेक की दाबतो. त्यामुळे माझी गाऱ्हाणी वेगळी.

बोलून चालवताना मी स्क्रीनवर जे लिहिलंय तेच म्हणणार. बटणावर दिसतं 'पुढे जा' आणि आत कोडमध्ये नाव ठेवलंय 'सबमिट वन', मग मी 'पुढे जा, पुढे जा' ओरडत बसतो आणि काही हलत नाही. दिसणारं नाव आणि आतलं नाव एकच ठेवा, फुकटचं काम आहे.

कोडं सरकवून चौकटीत बसवा असली जी पडताळणी असते ती माझ्यासाठी भिंत आहे. ओढून करायची कुठलीही गोष्ट टिचकीनेही करता आली पाहिजे, २.२ मध्ये हे घातलंय आता.

आणि वेळ! ओटीपी तीस सेकंदांत टाका, सेशन पाच मिनिटांत संपणार, आणि संपलं की भरलेलं सगळं पुसलं जाणार. अहो मला पत्ता टाइप करायलाच पाच मिनिटं लागतात. नियम असा आहे की वेळ संपायच्या आधी सांगा, आणि निदान वीस सेकंद तरी द्या वाढवून घ्यायला, एक साधी की दाबून, आणि असं निदान दहा वेळा वाढवता आलं पाहिजे. आणखी सोपं म्हणजे मसुदा आपोआप सेव्ह करा. ज्यांचं नेट मध्येच जातं तेही तुम्हाला दुवा देतील.

सहीचा फोटो अपलोड करा, अमुक केबीच्या आत, तमुक पिक्सेल रुंद, हे कुणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे. मला सही करताच येत नाही. अंगठ्याचा किंवा दुसऱ्या कशाचा पर्याय द्या, आणि फोटो लहान करायचं काम सर्व्हरला द्या की, ते त्याला माणसापेक्षा बरं जमतं.

खारुताई

मंद्र यांच्या वेळेच्या मुद्द्याला +१००. त्यात भर म्हणजे वेळ संपत आल्याची सूचना नुसती लाल अक्षरात उमटते, मला ती ऐकूच येत नाही. चुकांचंही तसंच. 'सादर करा' दाबलं की शांतता. पान तिथेच. काय चुकलं? कुठल्या तरी रकान्याभोवती लाल रेघ आलेली असते म्हणे. चूक शब्दांत लिहा, त्या रकान्याला जोडून ठेवा, आणि फोकस (कीबोर्ड सध्या जिथे आहे ती जागा) वरच्या चुकांच्या यादीवर आणा, म्हणजे स्क्रीन रीडर ती आपोआप वाचेल. 'अवैध इनपुट' असं लिहू नका, 'पिनकोड सहा अंकी हवा' असं लिहा.

जन्मतारखेचं कॅलेंडर, जिथे महिना महिना मागे जायचं, ते तर बंदच करा. माझ्या आईच्या जन्मवर्षापर्यंत मागे जाता जाता सेशन संपतं. दिवस, महिना, वर्ष असे तीन साधे रकाने द्या, ब्रिटनच्या सरकारी साइटवर असंच आहे आणि कुणाचंच काही अडत नाही. जिल्हा-तालुक्याच्या याद्यासुद्धा ब्राउझरच्या स्वतःच्या ठेवा, सुंदर दिसाव्यात म्हणून हाताने बनवलेल्या याद्यांवर माझी बाणाची की चालतच नाही.

निळी शाई

पीडीएफबद्दल कुणीच बोललं नाही अजून! माझं काम छपाई आणि दस्तऐवजांचं आहे. पोर्टल कितीही चांगलं केलं तरी शासन निर्णय, माहितीपत्रक, पावती, दाखला हे सगळं पीडीएफ असतं आणि मराठीत त्यात दोन रोग आहेत.

एक म्हणजे स्कॅन. कागद छापायचा, सही-शिक्का मारायचा, परत स्कॅन करून चढवायचा. तो फोटो आहे, त्यात अक्षरच नाही, स्क्रीन रीडरला कोरा कागद. दुसरा रोग त्याहून वाईट, जुने फॉन्ट. युनिकोडच्या (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं, फक्त त्यांचे आकार देवनागरी काढलेले. डोळ्याला झकास मराठी दिसतं, स्क्रीन रीडर मात्र आत जे आहे ते वाचतो, म्हणजे इंग्रजी अक्षरांची निव्वळ भेळ. त्याच फायलीत शोध चालत नाही, कॉपी करून दुसरीकडे चिकटवलं तर कचरा येतो, म्हणजे डोळस लोकांचाही तोटाच. उपाय सोपा, मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा आणि मूळ फाइलमधून थेट पीडीएफ काढा, शीर्षकं शीर्षक म्हणूनच लावून. सही हवी तर डिजिटल सही. आणि शक्य तिथे पीडीएफच नको, माहिती साध्या वेबपानावर टाका. जुना ढीग असेल तर सगळा उपसत बसू नका, सगळ्यात जास्त उघडल्या जाणाऱ्या फायली आधी घ्या.

वेबपानावरही एक बारीक गोष्ट. पानाच्या वरती भाषा सांगायची जागा असते, तिथे बहुतेकांनी इंग्रजी तसंच ठेवलेलं असतं. मग स्क्रीन रीडर इंग्रजी आवाज लावून मराठी वाचायला जातो, काही आवाज गप्पच बसतात, काही एकेक अक्षराचं नाव घेत सुटतात. तिथे मराठी लिहा, आणि मध्ये इंग्रजी तुकडा आला तर त्याला इंग्रजी म्हणून खूण करा. आणि ते अक्षरांमधलं अंतर वाढवायची फॅशन देवनागरीत करू नका, शिरोरेघ तुटते आणि कमी दिसणाऱ्याला शब्द एकसंध दिसत नाही. ओळींतलं अंतर मात्र सढळ ठेवा, घट्ट ठेवलं की वरचे रफार आणि खालचे उकार कापले जातात.

प्रश्नचिन्ह

जुन्या फॉन्टचं हे माहितीच नव्हतं. मला वाटायचं पीडीएफ म्हणजे पीडीएफ.

शांत रस्ता

मी जन्मापासून कर्णबधिर. सगळे बोलले ते बरोबर पण आमचं राहिलं. फॉर्म मला दिसतो, भरता येतो. अडतं कुठे, तर शेवटी 'पडताळणीसाठी फोन येईल' किंवा 'अडचण आल्यास या नंबरवर फोन करा'. फोन कुणी घ्यायचा? मेसेज, ईमेल, चॅट, काहीतरी लेखी ठेवा. अर्जात 'संपर्क कसा साधावा' हा प्रश्न विचारा आणि मग तो पाळा.

व्हिडिओ टाकता तर खाली मजकूर द्या, आपोआप तयार होणारा तसाच सोडू नका, एक माणूस बसवून तपासा. आणि आमच्यातल्या पुष्कळांची पहिली भाषा सांकेतिक भाषा असते, मराठी नंतर शिकलेली. 'उपरोक्त बाबींची पूर्तता न केल्यास सदर अर्ज विचारात घेतला जाणार नाही' हे वाक्य मला तीनदा वाचावं लागतं. 'ही कागदपत्रं नसतील तर अर्ज रद्द होईल' असं लिहा. मुख्य सूचनांचा सांकेतिक भाषेतला छोटा व्हिडिओ दिलात तर फारच छान.

मधला बाक

@शांत रस्ता, ते 'उपरोक्त' वाक्य मलाही तीनदा वाचावं लागतं, त्याला तुमचा इलाज नको, सगळ्यांचाच हवा.

तिरकी रेघ

सगळ्यांचे मनापासून आभार, मुद्दे उतरवून घेतले. आमच्या सुरक्षावाल्यांनी एक खुंटा मारून ठेवलाय, कॅप्चा. वाकडीतिकडी अक्षरं ओळखा हा प्रकार काढायला ते तयार नाहीत, नाहीतर बॉट्स (आपोआप फॉर्म भरणारे प्रोग्रॅम) येतील म्हणतात. फार तर ऑडिओ कॅप्चा देऊ म्हणतात. चालेल का?

कोपरखळी

नुसता ऑडिओ जोडून भागत नाही. ज्याला दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही तो बाहेरच राहतो, शिवाय ते ऑडिओ इतके घरघरीत असतात की धडधाकट कानालाही कळत नाहीत. २.२ प्रमाणे लॉगिनला असं काही ओळखायला, आठवायला किंवा उतरवून काढायला लावायचं असेल तर त्याला पर्याय द्यावाच लागतो. पासवर्ड पेस्ट करायला बंदी घालणंही यातच येतं बरं का, ती सुरक्षा नाहीच, लोक उलट सोपे पासवर्ड ठेवतात.

सुरक्षावाल्यांना विचारा, ओटीपी तर तुम्ही पाठवताच आहात, मग त्याच्याआधी कॅप्चा कशासाठी? ओटीपीच्या मागण्यांवर मर्यादा घाला, एका नंबरवरून, एका इंटरनेट पत्त्यावरून अमुक वेळात इतक्याच. बॉटसाठी लपवलेला रकाना ठेवायची युक्तीही चालते, माणसाला दिसत नाही, बॉट भरतो आणि पकडला जातो. पण इथे एक मेख आहे. तो रकाना नुसता स्क्रीनबाहेर ढकलून लपवला तर स्क्रीन रीडर तो वाचतो, खारुताई इमानाने भरतात आणि तुमचं पोर्टल त्यांना बॉट समजून हाकलतं. तो स्क्रीन रीडर आणि टॅब की, दोघांपासून लपवा.

खारुताई

अच्छा, म्हणून काही साइट मला कारण न देता बाहेर काढतात का काय!

आडवाटेने

एक राहिलं, तपासायचं कसं. आपोआप तपासणारी टूल्स फुकट मिळतात, अ‍ॅक्स, वेव्ह, लाइटहाउस वगैरे, ती लावाच. पण शंभरपैकी शंभर गुण आले म्हणून पेढे वाटू नका. चित्राला पर्यायी मजकूर आहे की नाही हे टूल सांगेल, तिथे 'इमेज ००३' लिहिलंय हे त्याला खटकणार नाही. वेबएम नावाची संस्था दरवर्षी १० लाख मुखपृष्ठं अशा टूलने तपासते, २०२५ मध्ये त्यातल्या ९४.८ टक्के पानांवर चुका सापडल्या, आणि सगळ्यात जास्त आढळणारी चूक फिकट अक्षरांची. म्हणजे जे टूलला दिसतं तेवढंही लोक करत नाहीत. एनव्हीडीए फुकट आहे, टीममधल्या प्रत्येकाने बसवून घ्या. त्यानंतर खरे वापरकर्ते बोलवा, आणि त्यांना मानधन द्या. 'तुमच्याच भल्याचं आहे' म्हणून फुकट राबवून घेऊ नका, ते इतर टेस्टरांइतकंच काम करतात.

तिरकी रेघ

अपडेट. मीटिंग झाली. विजेट रद्द, एफटीसीचा किस्सा कामी आला. कॅप्चा लॉगिनवरून काढायला तयार झालेत, तक्रारीच्या फॉर्मवर ठेवणार म्हणतायत, तिथे अजून भांडतोय. खारुताईंनी सांगितल्याप्रमाणे एकच अर्ज पहिल्यापासून पावतीपर्यंत आधी नीट करणार, बाकीचे त्याच साच्यातून. पैसे भरायचं पान मात्र आमचं नाही, बाहेरच्या कंपनीचं आहे, ते कीबोर्डवर निम्म्यात अडकतं आणि आमच्या हातात काही नाही. त्याचं काय करायचं?

कोपरखळी

हातात करार आहे. नूतनीकरणाच्या वेळी सुलभतेची अट घाला, कुठली आवृत्ती, कुठली पातळी, किती दिवसांत दुरुस्ती, असं नेमकं लिहून, 'सुलभ असावे' असं मोघम नको. तोपर्यंत दुसरा रस्ता उघडा ठेवा, चलन काढून बँकेत भरणे किंवा अर्ज आधी स्वीकारून शुल्काची लिंक मेसेजवर पाठवणे, म्हणजे ज्याला जे अ‍ॅप वापरता येतं त्यातून तो भरेल. आणि साइटवर एक सुलभता निवेदन टाका, काय चालतं, काय अजून चालत नाही, कुणाला कळवायचं, हे सरळ लिहा. ब्रिटनमध्ये २०१८ च्या नियमांनुसार सरकारी साइटना ते द्यावंच लागतं.

मंद्र

पैसे भरायच्या पानावर वेळ किती असतो तेही बघा. तिथे वेळ संपली की पैसे कापले जातात आणि पावती येत नाही, हा माझा नेहमीचा छळ आहे.

तिरकी रेघ

बघतो. चाचणीची आवृत्ती पुढच्या महिन्यात उभी राहील. खारुताई, मंद्र, शांत रस्ता, तुम्ही तिघं याल का तपासायला? मानधनाची तरतूद मागितलीये, मिळेलसं दिसतंय.

खारुताई

येईन की. चाचणीत खरा ओळख क्रमांक टाकावा लागणार नाही ना? तेवढं आधी सांगा.

तिरकी रेघ

नाही नाही, सगळा खोटा डेटा देतो. फोन नंबर तेवढा खरा लागेल, ओटीपीसाठी.

शांत रस्ता

मी पण. मला मेसेज करा, फोन नको :)